शनिवारी अमीना रॉबिन्सन यांचं प्रदर्शन, परत एकदा आठवण

मंडळी, शनिवारी सकाळी ११ ला कम्युनिटी गॅलरीत जमायचंय, प्लीज विसरू नका. चित्रकार आणि शिल्पकार अमीना रॉबिन्सन आपल्याच कोलंबसच्या (ओहायो), जन्म १९४० चा, पॉइंडेक्स्टर व्हिलेज या ब्लॅक कुटुंबांच्या सरकारी वस्तीत वाढल्या, ती वस्ती आता जवळजवळ सगळी पाडली पण त्यांच्या कामात तिथली माणसं, फेरीवाले, गल्ल्या सगळं आहे. वडिलांनी शिकवलेला हॉगमॉग जवळ जाऊन बघाच, चिखल, डुकराची चरबी, चुना, डिंक आणि रंग कालवून केलेला लगदा, त्यातून त्या मूर्ती घडवायच्या. आणि कापडाची ती लांबच लांब कामं, चिंध्या, बटणं, मणी टाचत एकेक काम वर्षानुवर्षं चालायचं, मला तर बघताना आजीची गोधडीच आठवते. २००४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप (अमेरिकेतला मोठा मानाचा पुरस्कार) मिळाली तरी त्या इथेच राहिल्या, २०१५ ला वारल्या आणि घरासकट सगळं कोलंबसच्या आर्ट म्युझियमला देऊन गेल्या, एवढं मोठं मन!

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका म्हणजे गाड्यांचं ठरवता येईल. मुलांना नक्की आणा, फक्त कापडांना हात लावू देऊ नका.