चेंडूला हात न लावता गेलेला पॉइंट

होल्योक, मॅसॅच्युसेट्स
रविवार

चि. सोनू हिस आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. शाळेच्या व्हॉलीबॉल संघात सेटर म्हणून, म्हणजे मारणारीसाठी चेंडू वर उचलून देणारी म्हणून, तुझी निवड झाल्याचे वाचून मला फार आनंद झाला. मात्र त्याच पत्रात पुढे तू लिहिले आहेस की, सामन्यात चेंडूला तुझा हातही लागला नव्हता, तरी पंचांनी शिट्टी वाजवून समोरच्या संघाला पॉइंट दिला आणि तो का दिला हे तुला कोणीच समजावून सांगितले नाही. त्या रात्री तू जेवली नाहीस, असे आजीने फोनवर सांगितले. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी निवांत बसून तुला सविस्तर लिहीत आहे.

मी राहते त्याच गावात हा खेळ जन्मला, हे तुला ठाऊक आहे का? कनेक्टिकट नदीकाठचे हे जुने कागद गिरण्यांचे गाव. येथील वायएमसीए या तरुणांसाठीच्या संस्थेत व्यायाम शिकवणाऱ्या विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये, बास्केटबॉलची धक्काबुक्की न झेपणाऱ्या वयस्कर व्यावसायिकांसाठी, साधारण साडेसहा फुटांवर नेट बांधून हा खेळ सुरू केला. तेव्हा एका बाजूला कितीही माणसे चालत आणि चेंडू पलीकडे जाण्याआधी कितीही वेळा मारता येई. सहा खेळाडू, तीन स्पर्श ही बंधने पुढे पंचवीसेक वर्षांत आली. येथे व्हॉलीबॉलचे हॉल ऑफ फेम, म्हणजे नामवंतांचे स्मृतिदालन, आहे. तू आलीस की आपण दोघी नक्की जाऊ.

आता तुझ्या पॉइंटकडे येते. तू पाठवलेले चित्र मी समोर ठेवले आहे. नेटकडे तोंड करून उभे राहिल्यावर मागच्या रांगेतला उजवा कोपरा ही एक नंबरची जागा. तिच्या पुढे नेटजवळ दोन, पुढची मधली तीन, पुढची डावी चार, मागची डावी पाच आणि मागची मधली सहा. समोरच्या संघाची सर्व्हिस असताना पॉइंट तुम्ही जिंकला की सर्व्हिस तुमच्याकडे येते आणि सहाही जणी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक जागा सरकतात, म्हणजे दोनवाली एकवर येऊन सर्व्हिस करते, एकवाली सहावर जाते. तुमचीच सर्व्हिस चालू असताना पॉइंट मिळाला तर कोणी सरकत नाही आणि तीच मुलगी पुन्हा सर्व्हिस करते.

तुझ्या चित्रात तू एक नंबरवर आहेस आणि सर्व्हिस समोरच्यांची आहे. सर्व्हिस घेणाऱ्या संघाने सर्व्हिस होईपर्यंत आपला क्रम मोडायचा नसतो. एकवालीची पावले दोनवालीच्या पुढे जाता कामा नयेत आणि ती सहावालीच्या उजवीकडेच असली पाहिजे. सेट करायला नेटजवळ पोचायची घाई तुला होती, म्हणून तू सर्व्हिसच्या आधीच धावलीस आणि दोनवालीला मागे टाकलेस. शिट्टी वाजली ती एवढ्यासाठीच. सर्व्हिस झाल्यावर मात्र कोणीही कुठेही धावू शकते.

यावर एक सोपा उपाय आहे. दोनवालीला नेटजवळ, उजव्या रेषेला लागून उभी कर आणि तू तिच्या पाठीमागे अगदी निकट उभी राहा. नियम फक्त आपल्या शेजारणींच्या मानाने जागा पाहतो, अंतर पाहत नाही. त्यामुळे तू मागच्या रांगेतली असूनही नेटपासून दोन-तीन पावलांवर उभी राहू शकतेस. हे मला कळले तेव्हा या खेळाविषयी वाटणारे प्रेम दुपटीने वाढले.

मागच्या रांगेत असताना आणखी एक गोष्ट सांभाळ. मधल्या रेषेपासून तीन मीटरवर फक्कीने जी रेषा आखलेली असते, तिच्या पुढच्या भागात उभी राहून किंवा तिथून उडी मारून, नेटपेक्षा पूर्ण उंच असलेला चेंडू तू थेट पलीकडे मारू शकत नाहीस आणि ब्लॉकमध्येही, म्हणजे नेटजवळ हात वर करून समोरून येणारा चेंडू अडवण्यातही, भाग घेऊ शकत नाहीस. रेषेच्या मागून उडी घेतलीस तर स्मॅश चालतो. त्यामुळे एक, सहा, पाच या जागांवर असताना तू सेटरच राहा. चार, तीन, दोनवर आलीस की पलीकडे चेंडू टाकायची मुभा तुला आपोआप मिळते.

स्पर्शाबद्दल तू विचारले आहेस. एका बाजूला तीन स्पर्श. ब्लॉकला लागलेला चेंडू त्यात धरत नाहीत आणि ब्लॉक करणारीच तो लगेच पुन्हा खेळू शकते. एरवी लागोपाठ दोनदा एकीनेच खेळायचा नाही. सेट करताना चेंडू कपाळाच्या वर, दोन्ही हातांच्या बोटांवर एकाच वेळी यावा. तळहाताला टेकला तर तो थांबतो आणि पंच होल्डिंग, म्हणजे चेंडू धरल्याची चूक, देतात. आमच्या इथल्या प्रशिक्षक बाई आम्हाला डोळे मिटून फक्त आवाज ऐकायला लावतात: चांगल्या सेटचा आवाज जवळजवळ येतच नाही आणि तळहाताला लागलेल्या चेंडूचा थपकन येतो. तू हे घरी भिंतीशी करून बघ.

तुझे बाबा तुला सांगतात की, पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळतो, सेट, म्हणजे सामन्यातला एक डाव, पंधरा पॉइंटांचा असतो आणि सर्व्हिस नेटला लागली की फुकट जाते. त्यांच्या वेळी हे सारे खरे होते, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नकोस. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हे बदलत गेले. आता प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू बाद होईपर्यंतच्या खेळाला, पॉइंट असतो, सेट पंचवीसचा, दोन पॉइंटांच्या फरकाने संपणारा, आणि पाचवा सेट लागलाच तर तेवढा पंधराचा असतो. नेटला लागून पलीकडे पडलेली सर्व्हिस आता चालते, तेव्हा ती सोडून देऊन उभी राहू नकोस. पंचांची शिट्टी झाल्यावर आठ सेकंदांत सर्व्हिस करायची असते, आणि रेषेवर पडलेला चेंडू इनच असतो, मग तो फक्कीच्या कडेला जेमतेम टेकलेला का असेना.

वेगळ्या रंगाची जर्सी घालून फक्त मागच्या रांगेत बचाव करणाऱ्या लिबेरोविषयी पुढे कधीतरी लिहीन; तुमच्या संघात ती नाही असे तू लिहिले आहेस.

नेटची उंची मात्र एकदा तपासून घे. महिलांसाठी ती २.२४ मीटर असते आणि शालेय गटांसाठी कमी ठेवतात, म्हणून तुमच्या गटाची उंची सरांना विचार. मोजताना टेप मैदानाच्या मधोमध लाव, कारण दोरी सैल पडली की नेट तिथेच झोळते आणि खांबाजवळची उंची बरोबर असूनही तुमचा सराव खालच्या नेटवर होत राहतो.

पुढच्या सामन्यानंतर असेच चित्र काढून पाठव आणि एक नंबरवर असताना तू व दोनवाली नेमक्या कुठे उभ्या होतात, ते त्यात पावलांसकट दाखव. आजीला नमस्कार सांग आणि तिच्यासमोर पोटभर जेव.

तुझी,
आत्या