शेवटच्या बाकावर बसून लिहिणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

सादर प्रणाम.

वर्षाअखेरीच्या कार्यक्रमात आपल्याला शाल-श्रीफळ देण्याचा आमचा बेत आपण ‘नारळ फोडून पोरांनाच वाटा’ असे म्हणून मोडीत काढला, आणि मी समोरासमोर आभार मानू लागले की आपण पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, विषय काढता. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. शिवाय नववीच्या वर्गात आपल्यामुळे जे घडले, ते आसपासच्या तालुक्यांतल्या मराठीच्या शिक्षकांनीही वाचावे, अशी इच्छा आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या आमच्या शाळेत त्या वर्षी नववीला ४१ मुले होती. बहुतेकांच्या घरी वऱ्हाडी, बंजारा तांड्यावरून येणाऱ्यांच्या घरी गोरमाटी आणि पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, येणाऱ्या तिघांच्या घरी कोलामी बोलली जाते. वहीत मात्र सगळ्यांनी पुस्तकातली मराठी लिहावी, अशी माझी अपेक्षा असे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध दिला की निम्म्याहून अधिक वह्यांत गाइडमधला तोच समुद्र उसळत असे. समुद्र त्यांच्यापैकी एकानेही पाहिलेला नव्हता. पावसात धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, घसरत शाळेत येणाऱ्या मुलांना तो चिखल निबंधात आणण्याजोगा वाटत नव्हता, आणि त्यात माझ्या लाल पेनाचा वाटा मोठा होता, हे मला आपण येईपर्यंत कळले नाही. चार ओळींत नऊ गोल दिसले की मूल पुढच्या वेळी तीनच ओळी लिहिते, हा हिशेब इतका सोपा असूनही बारा वर्षांच्या नोकरीत मी तो कधी मांडला नव्हता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपण नातीचा दाखला घ्यायला शाळेत आला होता. मी शिक्षक खोलीत वह्यांचा ढीग पुढे घेऊन बसले होते. आपण त्यातली एक वही चाळलीत आणि विचारलेत, ‘बाई, यात पोराचं अक्षर जास्त आहे का तुमचं?’ मला राग आला होता, हे आज कबूल करते. पण पुढच्याच गुरुवारी आपण स्वतःची कोरी शंभर पानी वही घेऊन वर्गात आलात आणि शेवटच्या बाकावर, दोन धिप्पाड मुलांच्या मध्ये, अंग चोरून बसलात.

आपण घालून दिलेले नियम थोडेच होते. परिपाठानंतरच्या पहिल्या तासाची पहिली दहा मिनिटे लिहायचे, पेन थांबवायचे नाही, खोडायचे नाही, शब्द अडला तर घरी म्हणतात तोच टाकायचा. जे कोणी वाचू नये असे वाटते, ते पान उभे दुमडायचे. आणि बाईंनीही लिहायचे. हा शेवटचा नियम मला सर्वांत जड गेला, कारण त्या दहा मिनिटांत हजेरी भरून टाकण्याची माझी सवय होती. पण मी खुर्चीत बसून खरोखर लिहिते आहे, हे दिसल्यावरच मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली.

ऑगस्टच्या अखेरचा तो दिवस आपल्याला आठवत असेल. आपल्या उजवीकडे बसणारा मुलगा दोन महिने रोज तीन ओळींवर थांबत असे. त्या दिवशी त्याने ‘काही सुचत नाही’ हेच वाक्य एकाखाली एक अकरा वेळा लिहिले, कारण सुचत नसेल तर तसे लिहीत राहा, असे आपणच सांगितले होते. बाराव्या ओळीत मात्र वाक्य पुढे सरकले: ‘काही सुचत नाही कारण रातभर बापासंगं जागलीले होतो, डुकरं सोयाबीनीत घुसले होते.’ मग टॉर्चचा सेल संपला, बापाने टिनाचा डबा बडवला, रोही (नीलगाय) की डुक्कर हे अंधारात कळेना, मचाणावरून उतरताना पाय मोडक्या पायरीवर पडला, असे करत दीड पान झाले आणि घंटा झाल्यावरही तो लिहीतच होता. त्या दीड पानात विरामचिन्ह एकच होते. तरीही ओघवते लेखन म्हणजे काय, हे कुणी विचारले तर मी आजही तेच पान डोळ्यांपुढे आणते.

शुद्धलेखनावरून मी आपल्याशी भांडले होते आणि त्या भांडणाचे मला अजिबात वाईट वाटत नाही, कारण त्यातून मधली वाट निघाली. वहीला लाल पेन लावायचे नाही, हे मी मान्य केले. पण ‘पानी’ आणि ‘आनी’ तसेच सोडून द्यायला माझे मन तयार नव्हते. तेव्हा वह्यांतून वारंवार चुकणारे पाच शब्द निवडून, कुणाचे नाव न घेता, शुक्रवारी फळ्यावर घ्यायचे, असे ठरले. ‘विहीर’मधली दीर्घ ही ‘विहिरीत’ लिहिताना ऱ्हस्व का होते, ‘आणि’चा शेवट ऱ्हस्व कसा, हे नियम मुलांना पूर्वी परक्या घरचे वाटत; आता ते स्वतःच्या वाक्यातल्या शब्दासाठी लागत असल्याने लवकर पचू लागले. तांड्यावरच्या एका मुलीने ‘याडी चुलीपाशी बसली’ असे लिहिले होते. माझा हात ‘आई’ लिहायला निघाला होता, तेव्हा आपण एवढेच म्हणालात, ‘तिच्या घरी आई म्हणून हाक मारली तर कोणी ओ देईल का?’ तो शब्द तसाच राहिला. पुढे परीक्षेतल्या पत्रलेखनात त्याच मुलीने कुणी न सांगता ‘आई’ लिहिले. कोणता शब्द कुठे लिहायचा, याची समज मुलांना असते. ती वापरायला आम्ही जागा देत नव्हतो.

४१ वह्या रोज वाचणे अशक्य आहे, हे माझे रडगाणे आपण साध्या भागाकाराने संपवलेत: रोज सहा वह्या, म्हणजे सात दिवसांत वर्गाचा एक फेरा पूर्ण. गुण द्यायचे नाहीत, शेरा मारायचा नाही. तारीख घालायची आणि खाली एक ओळ उत्तर लिहायचे, शक्यतो प्रश्न. ‘डबा बडवल्यावर डुकरे कुठल्या बाजूला पळाली?’ असे मी लिहिले की दुसऱ्या दिवशीचे अर्धे पान त्याच उत्तराचे असे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी या वह्या ‘न तपासलेल्या’ ठरवल्या. आपण चिडला नाहीत. मुलांकडूनच पहिल्या पानावर ‘ही सरावाची वही आहे, हिच्यातील चुका शुक्रवारी फळ्यावर सुधारल्या जातात’ असे वळणदार अक्षरात लिहून घेतलेत.

माझ्या हातून घडलेली एक चूक इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. नोव्हेंबरात, कापूस वेचणीमुळे वर्ग अर्धा रिकामा असताना, एका मुलाने घरच्या कर्जाविषयी लिहिलेला मजकूर मला इतका चांगला वाटला की मी तो त्याला न विचारता वर्गात वाचून दाखवला. पान दुमडलेले नव्हते, हे माझे समर्थन. त्यानंतर दोन आठवडे त्याने वहीत फक्त तारीख घातली. आपण मला बोल लावला नाहीत, केवळ ‘त्याच्या वहीतच माफी मागा, तोंडी नको’ असे सुचवलेत. मी सहा ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून विचारल्याशिवाय काहीही वाचून दाखवत नाही. जिवाला धोका असल्याचे कुणी लिहिले, तर मात्र मी गप्प बसणार नाही, तुझ्याशी बोलेन आणि गरज पडल्यास १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनची मदत घेईन, हेही मी मुलांना आता वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवते.

ही रीत आपण कुठून आणलीत, असे मी विचारले तेव्हा आपण वर्ध्याकडे बोट दाखवले होते. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची त्यांची पद्धत, पुढे आली, आणि आश्रमात राहणाऱ्याने रोजनिशी लिहावी हा त्यांचा आग्रह होता, हे मी डीएडला परीक्षेपुरते पाठ केले होते. न थांबता, न खोडता लिहिण्याच्या सरावाचा पुरस्कार अमेरिकेत पीटर एल्बो नावाच्या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकात केला होता, हे मला नंतर वाचनात आढळले आणि मी मोठ्या उत्साहाने आपल्याला सांगितले; त्यावर आपण ‘त्यांच्याकडेही लाल पेन असेलच’ असे म्हणून चहा मागवलात.

ती मुले यंदा दहावीला होती. मराठीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाचे असतात आणि त्यांतले ८ शेवटच्या मोठ्या लेखनप्रकाराचे. वहीमुळे गुण वाढले, असा दावा मी करणार नाही, कारण त्याला अनेक कारणे असतात. पण पूर्वी सराव परीक्षेत कोरा सोडला जाणारा तो प्रश्न यंदा एकाही मुलाने सोडला नाही आणि एकाही उत्तरात समुद्र आला नाही. याबद्दल, आणि मला स्वतःला दहा मिनिटे लिहायला बसवल्याबद्दल, मी आपली ऋणी आहे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी धुळीत फिरू नका असे सांगितल्याचे नातीकडून कळले, म्हणून मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाल्यावरही आग्रह केला नाही. जूनच्या अखेरीस शाळा उघडेल तेव्हा नवी नववी येईल, आणि शेवटच्या बाकावर मधली जागा ठेवली आहे. आपली वही माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. तिची ३७ पाने भरलेली आहेत. त्यांतली जी चार दुमडलेली आहेत, ती तशीच आहेत.

आपली कृपाभिलाषी,
नववीची मराठीची शिक्षिका