कन्व्हर्टर कापण्याआधी इंजिन पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीन विकून हातात चार पैसे आले की रखडलेली गाडीदुरुस्ती निघते. आठ-दहा वर्षे जुन्या पेट्रोल गाड्यांची एक तक्रार तेव्हा हमखास येते: गाडी ओढत नाही, चढावर दम टाकते, काटा चाळीसच्या वर जात नाही. त्यावर अनेक ठिकाणी ठरलेले उत्तर मिळते, "कॅट जाम आहे भाऊ, काढून टाकू. ॲव्हरेज पण वाढते." मग सायलेन्सरच्या पुढचा, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजेच 'कॅट') कापतात, आतली जाळी सळईने फोडतात आणि रिकामा डबा पुन्हा वेल्ड करतात. गाडी पळू लागते, मालक खूश होतो. पण चोंदलेली जाळी काढल्यावर गाडी पळाली, यावरून वाट मोकळी झाली एवढेच कळते. जाळी चोंदली कशाने, हे कोणी पाहिलेलेच नसते. तो दोष इंजिनात तसाच राहतो.

ही जाळी सिरॅमिकची असते, एका चौरस इंचात साधारण ४०० बारीक नळ्या. नळ्यांच्या आतून प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा लेप असतो. २५०-३०० अंश सेल्सिअसला तो काम करू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल व नायट्रोजनचे ऑक्साइड यांचे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन करतो. इंजिन ठीक असेल तर ही जाळी दीड लाख किलोमीटर सहज टिकते.

ती लवकर जाते त्याचे पहिले कारण मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणे. एखादा प्लग किंवा कॉइल गेली की त्या सिलिंडरचे पेट्रोल न जळता जाळीत येऊन पेटते. तापमान हजार अंशांच्या वर गेले की लेप निकामी होतो, आणखी चढले की सिरॅमिक वितळून नळ्या बुजतात. त्यात आपल्याकडे एक जुनी सवय आहे. कोणता सिलिंडर बंद आहे ते पाहायला चालू इंजिनवर एकेक प्लगची कॅप उपटतात. कार्बोरेटरच्या, कन्व्हर्टर नसलेल्या गाडीवर ते चालून जायचे. आजच्या गाडीत तेवढा वेळ कच्चे पेट्रोल थेट जाळीत जाते. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, म्हणजे त्या सिलिंडरचे पेट्रोलच बंद होते. किंवा स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारे यंत्र) सिलिंडरनिहाय मिसफायर, म्हणजे मिसिंग, पाहावे. बॅटरी उतरलेल्या गाडीला अर्धा किलोमीटर धक्का मारत नेण्यानेही हेच होते. जंपर केबल लावावी.

दुसरे कारण ऑइल. झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलमधून जळणाऱ्या इंजिन ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त लेपावर थर धरतात. हेडगॅस्केटमधून कूलंट जात असेल तरी तसाच थर बसतो. पेट्रोलमधली रॉकेलची भेसळही घातक. आणि एक्झॉस्टच्या जोडाला सिलिकॉन पेस्ट लावू नये. त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर आणि जाळी दोन्ही खराब करते.

आता तपासणी. स्कॅनरवर पी ०४२० हा कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड आला म्हणजे कन्व्हर्टर गेलाच, असे धरू नये. सोबत पी ०३०० ते पी ०३०४ या मिसिंगच्या कोडांपैकी काही असेल तर आधी मिसिंग काढावे. मग गळती. थंड इंजिन सुरू करून जाड ओला बारदाना सायलेन्सरच्या मागच्या नळीवर क्षणभर दाबावा आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या) जोडांवर साबणाचे पाणी टाकावे. बुडबुडे आले तर तिथून हवाही आत जाते आणि सेन्सर खोटे सांगतो. गळती नसेल तर इंजिन पूर्ण गरम करून २५०० आरपीएमवर कन्व्हर्टरच्या पुढचा आणि मागचा असे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर पाहावेत. साध्या सेन्सरच्या गाडीत पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो, मागचा ०.६-०.७च्या आसपास स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर लेप संपला. नव्या काही गाड्यांत पुढे एअर-फ्युएल सेन्सर असतो, तिथे पुढच्याला हा हिशेब लागू नाही.

चोंदले आहे की नाही, याची परीक्षा वेगळी. पुढचा सेन्सर खोलून त्या आट्यात प्रेशर गेज बसवावा. आयडलला (एक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) सव्वा पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत दाब असेल तर वाट मोकळी आहे. तेव्हा फ्युएल पंपाचा दाब, फिल्टर आणि क्लच प्लेट तपासा. गाडी न ओढण्याचा दोष कित्येकदा तिथेच निघतो आणि कन्व्हर्टर फुकट कापला जातो.

खरेच बदलायचा असेल तर आधी मूळ दोष दुरुस्त करावा, नाहीतर नवाही काही महिन्यांत जातो. अनेक छोट्या गाड्यांत तो मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, म्हणजे तो सगळा भाग बदलतो. गॅस्केट नवे घ्यावे. सेन्सरच्या आट्यांनाच अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावावे, टोकाला नाही. भाग बीएस ४ की बीएस ६ या प्रदूषण मानकाचा, हे गाडीशी जुळवून घ्यावे. स्वस्तातल्या कन्व्हर्टरवर लेप इतका कमी असतो की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पुन्हा लागतो. जुना भाग मात्र मागून घ्यावाच. भंगारात त्याला भाव मिळतो तो त्यातल्या काही ग्रॅम प्लॅटिनम-ऱ्होडियममुळे. "फुकट काढून देतो" म्हणणारा फुकट काढत नसतो, हे मालकांनी ओळखावे.

काढून टाकण्याच्या विरोधात कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण आम्हाला जास्त काळजी शाळेत पोरे नेणाऱ्या व्हॅनची वाटते. मागच्या दाराचे रबर फाटलेले, सायलेन्सर त्याच्याच खाली, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. पोरे पेंगतात, डोके दुखते म्हणतात, आणि आपण उन्हाला दोष देतो.

कन्व्हर्टर शाबूत असलेल्यांनीही एक गोष्ट सांभाळावी. त्याच्या खालचे पातळ पत्र्याचे हीट शील्ड गंजून वाजू लागले की फेकून देतात. तसे करू नये, दोन मोठ्या होज क्लॅम्पने ते पुन्हा घट्ट बसते. रस्त्यावर मळणीला पसरलेली तूर-सोयाबीनची काडी नेमकी तिथेच गुंडाळते आणि लांब चालून आलेल्या गाडीत पेट घेते. अशा रस्त्यावरून आल्यावर गाडी थांबवून खाली वाकून पाहावे. काडी दिसली तर लोखंडी आकड्याने ओढून काढावी, हात घालू नये. गाडी कुटारावर, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ किंवा वाळल्या गवताच्या धुऱ्यावर उभी करू नये.

परिवहन खात्याकडे एकच मागणी. तालुक्याच्या शिबिरांत आणि पीयूसी केंद्रांवर बीएस ४ व पुढच्या पेट्रोल गाड्यांची चाचणी आयडलवरच उरकू नये. आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, पण २५०० आरपीएमला ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ हेही नियमात आहे. २५०० आरपीएमची ही दुसरी मोजणी प्रत्येक गाडीची घ्यावी, आणि गाडी रॅम्पवर असताना डब्यावर नवा वेल्ड दिसतो का, ते पाहून तशी नोंद करावी.

आपले,
पेट्रोल गाड्यांची दुरुस्ती करणारे काही मिस्त्री,
दारव्हा, जि. यवतमाळ