वाद्यवृंद कोणाच्या जिवावर टिकतो

गुरुकुंज मोझरी,
ता. तिवसा, जि. अमरावती

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. होळीच्या सुमारास झाडीपट्टीचा, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भाचा, नाटकांचा हंगाम उतरला की वडसा-देसाईगंजच्या मंडळ्यांमधले वादक थेट दिवाळीपर्यंत पांगतात. त्यांना, आसपासच्या भजनी मंडळांतल्या मंडळींना आणि लग्नसराईत वाजवणाऱ्या बँड पार्ट्यांतल्या माणसांना एकत्र बसवून कायमचा वाद्यवृंद उभा करावा, हा तुझा विचार मला मनापासून पटला. सिम्फनी ऑर्केस्ट्रासारखे वृंद सामान्य माणसांनी कुठे आणि कसे चालवले, हे तू विचारले आहेस. माझ्या वाचनात जे आले आहे आणि त्यावरून माझे जे मत झाले आहे, ते दोन्ही लिहितो. मत आधीच सांगून टाकतो: वृंद उभा राहतो एखाद्या वेड्या माणसामुळे, पण पुढे तो टिकेल की नाही, हे बसायची जागा आणि दिवाबत्तीचा खर्च कोण उचलतो यावर ठरते.

जर्मनीतल्या लाइपझिगचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथे राजदरबार नव्हता, व्यापार होता. 1743 मध्ये शहरातल्या काही मंडळींनी एक संगीतसभा काढली. तिचे कार्यक्रम आधी खासगी घरांतून झाले आणि पुढच्याच वर्षी ‘तीन हंस’ नावाच्या मद्यालयात सुरू झाले. तिथे ते छत्तीस वर्षे चालले. श्रोत्यांच्या वागण्याबद्दल आणि एकूण गैरसोयीबद्दल तक्रारी वाढल्या, तेव्हा 1780 मध्ये नगराच्या कारभाऱ्यांनी कापडव्यापाऱ्यांच्या इमारतीचा एक मजला दुरुस्त करून देऊ केला, आणि 1781 पासून वृंद तिथे वाजवू लागला. तो आजही त्या कापडाच्या इमारतीच्याच नावाने, गेवांडहाउस म्हणून ओळखला जातो. 1835 मध्ये मेंडेल्सनसारखा संगीतकार त्याचा प्रमुख झाला खरा, परंतु तोवर वृंदाला पक्के घर मिळून अर्धे शतक उलटले होते. आपण कापसाच्या मुलखातली माणसे. एखाद्या बंद पडलेल्या जिनिंगचे रिकामे गोदाम पाहिले की मला हटकून तो मजला आठवतो.

आता मुंबईकडे ये. 1935 मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. (योगायोग असा की आमच्या मोझरीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम उभारला तोही त्याच वर्षी.) त्या वृंदात हौशी पारशी मंडळी होती, पोटासाठी वाजवणारे गोमंतकीय होते, आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसे यायची. गोमंतकीयांचा यातला वाटा समजून घेण्यासारखा आहे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून गावोगावच्या पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवले जाई. म्हणूनच मुंबई-कलकत्त्याच्या वृंदांना कागद पाहून वाजवणारी तयार माणसे मिळाली. मेहली मेहता मात्र 1945 मध्ये शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले; काही वर्षांनी ते परत आले, पण पुढे त्यांचे बहुतेक आयुष्य परदेशातच गेले. इंग्रज गेल्यावर फुंकवाद्यांची बाजूही लंगडी पडली. सगळा डोलारा एका घराच्या उत्साहावर उभा होता, असे माझे मत आहे.

अँथनी गोन्साल्विस यांची कथाही तशीच आहे. गोव्यातल्या माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक संगीतकार प्यारेलाल यांचा गुरू. त्यांनी 1958 मध्ये भारतीय सिम्फनी वाद्यवृंद उभा केला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात कार्यक्रम केले, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यात गायला लावले, आणि आपले राग पाश्चात्य वृंदासाठी लिहून काढले. 1965 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि ते काम तिथेच थांबले. याची मला फार हळहळ वाटते, कारण तू जे करू पाहतोस त्याच्या सर्वांत जवळ पोहोचलेला माणूस तोच होता.

जवळ म्हणालो खरा, पण त्याहूनही जवळचे उदाहरण मध्य प्रदेशातल्या मैहरचे आहे. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ तरुणपणी कलकत्त्यात रंगभूमीवर वाजवून पोट भरत (हे तुमच्या मंडळींना आवर्जून सांग) आणि लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकत. पुढे ते मैहर संस्थानात महाराज ब्रिजनाथसिंह यांच्याकडे आले. 1918 च्या सुमारास साथीत आईबाप गेलेली मुले त्यांनी गोळा केली आणि त्यांचाच बँड बांधला. सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, तबला असे जे हाताशी आले ते घेतले, आणि बंदुकांच्या नळ्या कापून नळतरंग नावाचे वाद्यच नवे घडवले. चाली रागांतल्या, पण बांधणी समोर बसलेल्या पोरांच्या हाताला झेपेल अशी. उस्ताद 1972 मध्ये गेले; बँडला मात्र शासनाचा आधार मिळाला होता, आणि तो आजही वाजतो.

आफ्रिकेतल्या किन्शासाचेही थोडक्यात सांगतो. नोकरी गेलेल्या अर्मां डियांगिएंडा नावाच्या वैमानिकाने आपल्या धर्मसंघातल्या माणसांना घेऊन 1994 मध्ये तिथे सिम्फनी वृंद सुरू केला. मोजकीच व्हायोलिने आळीपाळीने हातोहात फिरत, आणि तार तुटली की सायकलच्या ब्रेकची तार लावत. संघ पाठीशी होता, म्हणून जागा होती आणि माणसे येत राहिली.

एवढे सांगितल्यावर तुझ्या कामाच्या दोन गोष्टी. पहिली सुरांची. बँड पार्टीतले क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बहुधा अशा घडणीचे असतात की वादक ज्याला आपला सा समजतो तो पेटीवर काळी पाचला, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीवर, येतो. आल्टो सॅक्सोफोन असेल तर त्याचा सा काळी दोनला. भजनी मंडळाने पांढरी एक धरली तर क्लॅरिनेटवाल्याची बोटे अडखळतील, आणि चारचौघांत फजिती झालेला माणूस दुसऱ्या बैठकीला येत नाही. म्हणून सुरुवातीच्या सगळ्या चाली काळी पाचमध्येच बसव. पेटीवाले थोडे कुरकुरतील, परंतु त्यांना पट्टी बदलणे सोपे आहे. सिम्फनी वृंदात व्हायोलिनवाले दोघे-दोघे एका स्टँडवर बसतात, एक कागद दोघांना, आणि पान उलटण्याचे काम दोघांपैकी एकाकडे असते; ही रीत जशीच्या तशी उचल. जाणत्याशेजारी नवशिका बसला की मास्तरांचे अर्धे काम हलके होते.

दुसरी गोष्ट माणसांची. प्रत्येकाचा भाग वेगळा लिहून ठेवणारा एक टापटिपीचा माणूस आधी शोध. भातखंडे पद्धतीने, म्हणजे सा-रे-ग अशा अक्षरांत, लिहिले तरी चालेल. या वह्या वृंदाच्या असाव्यात, तुझ्या घरच्या नसाव्यात. जागा ग्रामपंचायतीकडून किंवा मंदिराच्या कमिटीकडून लेखी घे, आणि वर्गणी प्रत्येक वादकाकडून घे, मग ती दहा रुपये का असेना. दरबारी किंवा पुढारी आश्रयाचे तू लिहिले आहेस. त्याला माझा विरोध नाही, पण पहिली दोन वर्षे त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. रोवणीच्या दिवसांत बैठक ठेवू नकोस, धानाच्या बांधीतून आलेल्या माणसाची बोटे चालत नाहीत. आमच्याकडची खंजिरीवाली मंडळी कापूस वेचणीच्या काळात अशीच गळतात, आणि पुन्हा सगळी जमवायला संक्रांत उजाडते.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एवढे कर: कोण काय वाजवतो, कोणत्या पट्टीत वाजवतो आणि लिहिलेले वाचता येते का, याची गावनिहाय यादी करून मला पाठव. ती आली की दोन सोप्या चाली मी भाग पाडून लिहून देतो. बासरीवाला एकच असेल तर तसे स्पष्ट लिही, म्हणजे त्याच्यावर सगळा भार टाकणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र