भाड्याचं घर, सहा चाकांचं

चँडलर, अ‍ॅरिझोना
दि. १४ सप्टेंबर

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

तू फोनवर विचारलंस, "घर विकून गाडीतच राहायचं ठरतंय, तर सरळ गाडी घ्या. आधी पंधरा दिवस भाड्याने घेऊन पैसे कशाला घालवायचे?" फोनवर अर्धवटच बोलणं झालं. शिवाय नोव्हेंबरात तुम्ही दोघं येणार आणि ते पंधरा दिवस आपण चौघं त्याच गाडीत काढणार, म्हणजे निम्मी कामं तुझ्या गळ्यात पडणार. म्हणून सगळं लिहूनच कळवतो.

आधी पैशांचं. ३४ फुटी मोठी मोटरहोम (बसएवढ्या गाडीतलं घर), म्हणजे इथे जिला 'क्लास ए' म्हणतात ती, रात्रीला साधारण २५० ते ४०० डॉलर पडते. वर विमा वेगळा. आपल्या कारचा विमा किंवा क्रेडिट कार्डाचं संरक्षण मोटरहोमला बहुधा लागू होत नाही, त्यामुळे तो घ्यावाच लागतो. दिवसाला १०० ते १५० मैल फुकट, पुढच्या प्रत्येक मैलाला पैसे. जनरेटरचे रोजचे काही तास फुकट, नंतर तासावर आकार. या आकड्याला ३६५ ने गुणून 'गाडीत राहणं परवडत नाही' असा निष्कर्ष काढू नकोस. ते हॉटेलच्या भाड्यावरून घरखर्च काढण्यासारखं होईल. या पंधरा दिवसांत आपल्याला खर्च मोजायचा नाही. पाणी किती लागतं, टाकी किती दिवसांत भरते, चार माणसं एकमेकांच्या पायात न येता सकाळ उरकू शकतात का, हे बघायचंय. म्हणून हिंडायचं कमी आणि राहायचं जास्त. लोक हौसेने गाडी घेतात, सात दिवसांत चार नॅशनल पार्कं पालथी घालतात आणि "आम्हाला जमतं" म्हणून दीड-दोन लाख डॉलरची गाडी घेऊन बसतात. त्यांनी प्रवास करून पाहिलेला असतो. सोमवारी सकाळी ऑफिसची मीटिंग, मागे मिक्सर आणि बाथरूमला नंबर, हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

आता गाडी. डेपोच्या वर्कशॉपमध्ये तुझी हयात गेली, तेव्हा तुला ही चटकन कळेल. फोर्डची एफ-५३ चासी, ७.३ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन. जुन्या एसटीत ड्रायव्हरशेजारी बॉनेटचा उंचवटा असायचा ना, तसाच इथे दोन पुढच्या खुर्च्यांच्या मधे असतो, आणि चढाला तसाच तापतो व बोंबलतो. डिझेलच्या गाड्यांत इंजिन मागे असतं, ब्रेक हवेचे असतात, पण त्यांचं भाडं बरंच वर जातं. आपल्या गाडीचं भरल्या अंगाने वजन २२,००० पौंड, म्हणजे दहा टन. सरासरी गॅलनला सात मैल. तुझ्या भाषेत दहा लिटरला तीस किलोमीटर. (इथे पेट्रोलला 'गॅस' म्हणतात आणि स्वयंपाकाच्या गॅसला प्रोपेन. घोटाळा करू नकोस.)

चालवायला शेजारच्या कॅलिफोर्नियात ४० फुटांवर वेगळं लायसन लागतं. ३४ फुटांना नेहमीचं चालतं. तुझा हात शिवशिवेल हे मला माहीत आहे, पण करारात नाव असलेल्यानेच चालवायची, नाहीतर विमा गेला. तू कंडक्टर. गाडी मागे घेताना डबल बेल तुझी. मागची चाकं मागच्या टोकापासून दहा-अकरा फूट आत असतात, त्यामुळे पुढून डावीकडे कट मारला की शेपूट उजवीकडे दोन-अडीच फूट बाहेर जातं. पेट्रोल पंपाच्या खांबांना आणि झाडांना लागतं ते हेच शेपूट. उंची साडेबारा फूट. हायवेच्या पुलाखालून जायची चिंता नसते. जुन्या पंपांचं छप्पर आणि बाजूच्या झाडांच्या फांद्या बघायच्या. उतारावर 'टो-हॉल' बटण दाबलं की गिअर खाली येऊन इंजिन गाडी धरतं. फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर आहे आणि फिनिक्स साडेतीनशेच्याही खाली. त्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्याचं काय होतं ते कसारा घाट उतरलेल्या माणसाला मी काय सांगणार!

गाडी ताब्यात घेताना दीड तास तरी हातचा ठेवायचा आणि सगळ्याचा व्हिडिओ काढायचा. टायरच्या बाजूवर डीओटी नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाच: '२३१९' म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. या गाड्या उभ्याच जास्त असतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर आतून वाळलेलं असतं; सहा-सात वर्षांवरचा टायर असेल तर गाडी बदलून मागायची. जनरेटर नुसता सुरू करून भागत नाही, त्याच्यावर छतावरचा एसी लावून दहा मिनिटं चालवायचा. फ्रिज आदल्या दिवशीच सुरू करून ठेवा असं त्यांना आधीच सांगायचं, कारण प्रोपेनवर चालणारा फ्रिज थंड व्हायला बारा तास सहज घेतो. दाराजवळच्या पिवळ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं. त्यातून चौघांचं वजन वजा कर, मग ७५ गॅलन पाण्याचं २८४ किलो वजा कर, आणि जे उरतं त्यात वहिनींच्या लोणच्याच्या बरण्या बसवायच्या.

आणखी एक, खोल्या आत घेतलेल्या असताना सगळं तपासायचं. या गाडीच्या भिंतीचे काही भाग ड्रॉवरसारखे बाहेर सरकतात, त्यांना 'स्लाइड' म्हणतात. बाहेर काढले की हॉल दिसतो. आत घेतल्यावर फ्रिजचं दार उघडतं का, संडासात जाता येतं का, हे शोरूममध्ये कोणी दाखवत नाही. वाटेत थांबून पोळी-भाजी काढायची असेल तर हेच महत्त्वाचं.

जागेवर लागल्यावर क्रम ठरलेला. पार्किंग ब्रेक लावायचा, मग चार हायड्रॉलिक जॅक खाली सोडून गाडी लेव्हलला आणायची. मागची चाकं जमिनीवरून उचलायची नाहीत. पार्किंग ब्रेक मागच्याच चाकांना धरतो, ती अधांतरी झाली की गाडीला धरणारं काही राहत नाही. वाळूत जॅकखाली लाकडी फळ्या. लेव्हल का, तर प्रोपेनच्या फ्रिजमधला अमोनिया उतारानेच फिरतो. गाडी कलली की तो अडतो, फ्रिज गार होत नाही आणि फार काळ तसंच चाललं तर कायमचा जातो. मग स्लाइड. त्याआधी ड्रायव्हरची खुर्ची पुढे घ्यायची आणि एकाने बाहेर उभं राहून झाड किंवा विजेचा खांब आड येत नाही ना ते बघायचं.

अशा गाड्या लावायच्या पार्कात प्रत्येक जागेवर विजेचा खांब असतो, त्यावर वीज दोन प्रकारची मिळते. ३० अँपिअरच्या प्लगवर १२० व्होल्टने ३,६०० वॅट. ५० च्या प्लगमध्ये १२० व्होल्टच्या दोन तारा असतात, प्रत्येकीत ५० अँपिअर, म्हणून एकदम १२,०००. छतावर दोन एसी, एकेकाला दीड हजारांवर. मायक्रोवेव्ह दीड हजार. पाणी तापवायचं एलिमेंट चौदाशे. तीसच्या प्लगवर एक एसी चालू असताना डाळ गरम करायला मायक्रोवेव्ह लावला आणि कोणी गीझरही लावला की ब्रेकर पडला. आधी खांबावरचा ब्रेकर बंद, मग सर्ज प्रोटेक्टर, मग आपली केबल, मग ब्रेकर चालू. चांगल्यातला सर्ज प्रोटेक्टर चुकीची जोडणी, अर्थिंग नसणं आणि कमी व्होल्टेज या तिन्हींवर लाइन तोडतो. दुपारी सगळ्या पार्काचे एसी लागले की व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर जळतो; आपल्याकडे लो व्होल्टेजला विहिरीवरची मोटर जळते तसंच. गीझरच्या टाकीत पाणी भरल्याशिवाय विजेचं बटण लावायचं नाही. कोरडं एलिमेंट क्षणात जातं आणि त्याचे पैसे आपल्याकडून घेतात.

आता ज्याला सगळे नाक मुरडतात ते. पाण्याच्या तीन टाक्या: स्वच्छ पाण्याची, आंघोळ-भांड्यांची 'ग्रे' आणि संडासची 'ब्लॅक'. सांडपाण्याच्या दोन्ही साधारण दीड-दीडशे लिटरच्या. चौघांत ग्रे दोन-तीन दिवसांत भरते, ब्लॅक पाच-सहा दिवस जाते. पार्कात ड्रेनेजचं तोंड जागेवरच असतं, म्हणून नवखी माणसं पाइप जोडून दोन्ही व्हॉल्व्ह उघडेच ठेवतात. ग्रेचं चालतं. ब्लॅकचा उघडा ठेवला की पाणी वाहून जातं, घट्ट तेवढं मागे राहतं, वाळतं आणि नळीच्या तोंडाशी त्याची पिंड तयार होते. मग ती काठीनेही हलत नाही. म्हणून ब्लॅक बंद ठेवायची, रोज भरपूर पाणी सोडायचं आणि दोन तृतीयांश भरली की एकदम सोडायची. भरलेला लोंढाच टाकी धुऊन नेतो.

सोडायच्या आदल्या दिवशी ग्रेचा व्हॉल्व्ह बंद करून तिथे पाणी साठू द्यायचं. हातमोजे घालायचे. तीन इंची पाइपाचं एक टोक गाडीला, कान फिरवून 'कट्' आवाज होईपर्यंत बसवायचं. दुसरं टोक ड्रेनेजमध्ये, त्यावर वजन. जोडणीत पारदर्शक कोपर असला की आत काय वाहतंय ते दिसतं. आधी ब्लॅक. वाहणं थांबलं की ती बंद करून ग्रे उघडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. ब्लॅक धुवायला ठेवलेली नळी वेगळी, पिण्याची पांढरी नळी वेगळी, आणि दोन्ही एका कप्प्यात ठेवायच्या नाहीत. यावर मी वाद ऐकणार नाही. पिण्याच्या नळीला नळापाशी ४५-५० पीएसआयचा प्रेशर रेग्युलेटर. काही पार्कांत दाब इतका असतो की सिंकखालचे सांधे सुटतात. आणि पॅनेलवर 'ब्लॅक दोन तृतीयांश' असं दिवा सांगतो त्यावर जाऊ नकोस. सेन्सरला कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दाखवते.

वहिनींना सांग, तीन शेगड्या आहेत, कुकर बसतो, भाकरीही होते. फोडणी मात्र खिडकी उघडून आणि छताचा पंखा लावून. नाहीतर धुराचा अलार्म बोंबलतो आणि हिंगाचा वास गाद्यांत महिनाभर राहतो, तोही परक्याच्या गाडीत. तेलकट ताट-कढई आधी कागदाने पुसून मगच धुवायची. तेल आणि हळद ग्रे टाकीत गेलं की भिंतींना थर धरतो आणि तिसऱ्या दिवशी मोरीतून असा वास येतो की ब्लॅक बरी. तिकडचा मिक्सर आणू नका, इथे १२० व्होल्ट.

बेत असा. पहिले पाच दिवस मेसाच्या पार्कात, वीज-पाणी-ड्रेनेज सगळं जागेवर. तिथल्या बऱ्याच पार्कांत ५५ वर्षांवरच्यांनाच घेतात. एसटीच्या अर्ध्या तिकिटानंतर तुझं वय दुसऱ्यांदा कामी येईल. मग तीन रात्री लॉस्ट डचमन स्टेट पार्कात, सुपरस्टिशन डोंगराच्या पायथ्याशी. तिथल्या काही जागांवर वीज-पाणी आहे, तसलीच घेऊ. टाक्या निघताना डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या सामाईक जागी, रिकाम्या करायच्या. शेवटी आठवडाभर क्वार्ट्झसाइट, इथून पश्चिमेला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळ. सरकारी वाळवंट आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामात १४ दिवसांचा किंवा पूर्ण हंगामाचा परवाना घ्यायचा. जागेवर वीज नाही, नळ नाही. (गावच्या दफनभूमीत हाय जॉली या उंटवाल्याचं पिरॅमिडसारखं थडगं आहे, वर तांब्याचा उंट. अमेरिकी सैन्याने १८५६ मध्ये उंट आणले, त्यांच्याबरोबर तो आला होता. वहिनींना दाखवू.)

खरी परीक्षा तिथे. लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या मिळून २०० अँपिअर-अवर धरल्या तर वापरायच्या १०० च. त्याखाली नेल्या की त्यांचं आयुष्य घटतं. हीटर प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. तो आठ अँपिअर खातो. रात्रीत पाच तास फिरला की ४० गेले. वर दिवे, पंप, इंटरनेट. म्हणून रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास जनरेटर. रात्री दहानंतर तो लावायचा नाही. आणि तो मुख्य टाकीतलंच पेट्रोल पितो, टाकी पाव राहिली की आपोआप बंद पडतो, म्हणजे निदान घरी परतण्यापुरतं उरतं. आंघोळ म्हणजे अंग भिजवलं, पाणी बंद, साबण, पाणी चालू. गावाकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं त्या घरातल्या माणसाला हे शिकवायला लागत नाही.

भाड्याच्या गाडीने कळणार नाहीत अशाही गोष्टी आहेत. कायम राहणारे लोक मागे छोटी कार ओढून नेतात, त्याशिवाय दूध आणायलाही दहा टनांचं घर हलवावं लागतं. भाड्याच्या गाडीला मागे बहुधा काही जोडू देत नाहीत. टपालाचा पत्ता, आरोग्य विमा कोणत्या राज्याचा, कर्ज देणाऱ्यांनी 'कायम राहणार' ऐकून नकार देणं, हे कागदावरचे प्रश्न. त्यात आम्ही ग्रीनकार्डवाले. पत्ता बदलला की दहा दिवसांत एआर-११ नावाचा फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं. चाकांवरच्या घराचा पत्ता काय लिहायचा ते मी वकिलाला विचारून ठेवतो.

तुमच्यासाठी: मऊ बॅगा आणा, कडक सूटकेस कुठेच बसत नाही. बाथरूमसाठी रबरी चपला. तुझी ती वर्कशॉपची टॉर्च आणच. आणि टायरचं प्रेशर मोजायचं तुझं जुनं गेज १०० पीएसआयच्या वर जातं का ते बघून कळव, नाहीतर मी इथे घेतो.

तुझा,
धाकटा