आई, त्या व्हिडिओतली ती मी नव्हे

ती. आई-बाबांना सा. न.

दादा, हे पत्र छापून घे आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव. ऑपरेशन झालेला डोळा बरा होईपर्यंत त्यांनी मोबाईलवर वाचायचं नाही, आणि तू नुसता सारांश सांगायला गेलास की अर्धं गाळतोस.

मी ठणठणीत आहे. खाणंपिणं, ऑफिस, घरमालकीण, सगळं तुम्हाला माहीतच आहे. त्यात नवीन काही नाही.

आता तुम्ही पाहिलेल्या त्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या व्हिडिओबद्दल. गर्दीत केस विस्कटून नाचतेय ती मीच. पण लोकांच्या हातांवर उभी आहे ती मी नव्हे, आई! फोनवर तू तीनदा म्हणालीस, ‘पडली असतीस म्हणजे?’ ती किम. किम शिफिनो, ड्रम वाजवणारी. तिच्याबरोबर कीबोर्ड वाजवत गातो तो मॅट जॉन्सन. ‘मॅट अँड किम’ म्हणतात त्यांना. दोघंच आहेत, गिटारवालाही नाही. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये कला शिकताना त्यांची ओळख झाली आणि २००४ मध्ये त्यांनी सुरुवात केली. किमला तेव्हा ड्रम येत नव्हता, ती शिकत होती, मॅटचंही कीबोर्डवर तसंच. येत नसताना दोघं लोकांसमोर उभी राहिली, जुन्या गोदामांत, कुणाच्या घरी, मिळेल तिथे. मला त्यांचं हेच फार आवडतं.

बाबा म्हणतील, हे कसलं गाणं! बाबा, तुम्ही उरुसाला दर्ग्यात रात्रभर कव्वाली ऐकत बसता. सम आली की सगळ्यांच्या माना एकदम हलतात ना? इथे सम आली की अख्खा हॉल उडी मारतो. किम दात दिसेपर्यंत हसत वाजवते, मध्येच ड्रमवर चढून उभी राहते. मग लोकांत फुगे टाकतात, न फुगवलेले. आपले आपण फुगवायचे आणि एकदम वर सोडायचे. मीही फुगवला.

ती हातांवर कशी उभी राहते ते नीट सांगते, म्हणजे आईला झोप लागेल. ती ड्रममागून उठून स्टेजच्या कडेला येते. पुढचे लोक तळवे वर करतात. ती बुटासकट पाय त्या तळव्यांवर ठेवते. एक जण टाच धरतो, दुसरा घोटा, मागचे हात वर करून तयार राहतात. आणि ती तिथे उभी राहून चक्क नाचते! लोकांना बूट लागतो, पण त्यात कुणाला अपमान वाटत नाही, कुणी माफीही मागत नाही. उलट आपला हात लागावा म्हणून लोक पुढे सरकतात. काही प्रेक्षक आडवे होऊन डोक्यांवरून पुढे सरकवले जातात, स्टेजजवळ हॉलची माणसं त्यांना उतरवून घेतात. कुणी पडलं तर आजूबाजूचे थांबून आधी त्याला उचलतात. हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. माझ्यापुढचा अनोळखी मुलगा दोनदा वळून मला विचारून गेला, ‘ठीक आहेस ना?’

मी आडवी झाले नाही. कानात बोळे घातले होते. ऑफिसच्या मुलींबरोबर गेले आणि त्यांच्याबरोबरच परत आले. प्यायले ते पाणी.

दादाने एव्हाना त्यांचा टाइम्स स्क्वेअरचा व्हिडिओ शोधून काढला असेल. हो, २००९ च्या त्या गाण्यात दोघं भर चौकात, भर थंडीत कपडे काढत चालतात, आणि त्याला एमटीव्हीचं बक्षीसही मिळालं. तो व्हिडिओ आईला दाखवू नकोस. हॉलमध्ये तसलं काही होत नाही, खरंच. त्याच वर्षी त्यांचा ‘ग्रँड’ अल्बम आला. तो त्यांनी व्हरमाँटला मॅटच्या आईवडिलांच्या घरी, त्याच्या लहानपणच्या खोलीत ध्वनिमुद्रित केला, आणि नाव दिलं ब्रुकलिनमधल्या ते दोघं राहायचे त्या ग्रँड स्ट्रीटचं. यंदा, २०१९ मध्ये, त्याला दहा वर्षं झाली म्हणून हा दौरा आहे.

आणखी एक सांगते, कारण दादा तेही शोधेल. २०१७ मध्ये मेक्सिकोच्या एका महोत्सवात वाजवताना किमच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. शस्त्रक्रिया झाली, दौरे थांबले. आज ती पुन्हा त्याच पायांनी लोकांच्या तळव्यांवर उभी असते. तिला तसं बघताना मला बाबाच आठवत होते. बाबा, थेंब वेळेवर घाला आणि डोळा चोळू नका.

मावशी म्हणाली ना, ‘बापाचं ऑपरेशन आणि ही नाचतेय’? तिकीट दोन महिने आधी काढलं होतं. ऑपरेशन व्यवस्थित झालं असा दादाचा मेसेज आला, त्यानंतरच मी घराबाहेर पडले. आदल्या रात्री मी झोपले नव्हते, हे मावशीला सांगायची गरज नाही. मी तिथे असायला हवी होते. रजा मागितली होती, मिळाली नाही. गाणी चालू होती तेवढा वेळ माझ्या मनात कसली काळजी नव्हती, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतंय.

पैसे सोमवारी पाठवलेत. त्यातून कर्जाचा हप्ता वजा करून राहतील ते पावसाळ्याआधी गच्चीच्या गळतीला वापरा, माझ्या नावाने एफडी करू नका. ऑपरेशनचं बिल दादाने भरलं, त्यातलं निम्मं मी देणार, यावर वाद नको.

सिएटलच्या मुलाशी दोनदा बोलले. मुलगा सज्जन आहे, घरचेही चांगले असतील. पण लग्नानंतर मीच नोकरी सोडून तिकडे जायचं हे त्याने गृहीतच धरलंय. तू इकडे येशील का, असं विचारलं तर विषय बदलला. त्यांना नाही म्हणून कळवा. आई, मी लग्नाला नाही म्हणत नाहीये. मला जोडीने काहीतरी करणारा माणूस हवाय, दोघांनाही येत नसलं तरी चालेल. कोल्हापूरच्या स्थळाचा फोटो पाठव, बघते.

दिवाळीच्या रजेचा अर्ज आत्ताच टाकलाय. व्हिसाच्या स्टॅम्पिंगची तारीख मिळाली की तिकीट काढते. त्याआधी शेजारी कुणाला सांगू नका.

तुमची,
मीनू

ता. क. दादा, बिलाचा फोटो पाठव. आकडा कमी करून सांगू नकोस.