ट्रेंडच्या आकड्याला लोकमत म्हणू नका

संपादक साहेब, नमस्कार.

साथ आली की पेपरात "लसीवरून सोशल मीडियावर दोन तट" असल्या बातम्या सुरू होतात, त्याबद्दल लिहितेय. हे तट खरंच माणसांचे आहेत का, हे छापायच्या आधी कोणी बघतं का? २०१८ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात २०१४ ते २०१७ मधली लसींवरची ट्विट्स तपासली तेव्हा निघालं की रशियन ट्रोल अकाउंट्स लसीच्या बाजूनेही लिहीत होती आणि विरोधातही, म्हणजे त्यांना लसीचं काही पडलेलं नव्हतं, भांडण पेटतं राहिलं पाहिजे एवढंच. आणि ज्या आईबापांच्या मनात साधी शंका असते त्यांना हे बघून वाटतं की डॉक्टरांचंच एकमत नाहीये, मग कशाला घाई करा.

ट्रोलच्या जोडीला बॉटही असतात, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमने आपोआप चालवलेली अकाउंट्स. बॉट कोणाला पटवायला येतच नाही, तो फक्त गर्दी दाखवतो. २०१८ मध्येच नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की भरवसा नसलेल्या साइटची लिंक व्हायरल व्हायच्या आधीच, अगदी सुरुवातीला बॉट्स ती उचलून धरतात आणि भरपूर फॉलोअर्स असलेल्यांना मेन्शन करत सुटतात. तो अभ्यास अमेरिकेतल्या निवडणुकीच्या वेळचा होता, पण साथीत लोक आधीच घाबरलेले असतात तेव्हा हीच युक्ती जास्तच चालणार. पुढचं काम मग आपणच करतो, शेअर करून.

२०२० मध्ये इराणमध्ये दारूने कोरोना बरा होतो या अफवेपायी मिथेनॉलवाली दारू पिऊन शेकडो लोक गेले. ती अफवा बॉटने पसरवली असं मी म्हणत नाहीये, पण खोटी गोष्ट खूप जण बोलतायत असं वाटलं की माणूस कुठपर्यंत जातो ते यातून कळतं.

म्हणून कळकळीची विनंती, साथीच्या काळात हॅशटॅगचा आकडा लोकमत म्हणून छापू नका. छापायचाच असेल तर अकाउंट्स कधी उघडलीत, तोच मजकूर किती ठिकाणी चिकटवलाय, दिवसरात्र न थांबता पोस्ट पडतायत का, एवढं तरी रिपोर्टरने बघावं. आणि अफवा खोडून काढताना तीच हेडलाइनमध्ये देऊ नका, बरेच जण तेवढंच वाचतात. ट्विटरने २०२३ मध्ये फुकट डेटा देणं बंद केलं, त्यामुळे संशोधकांना बाहेरून बॉट शोधणं अजून अवघड झालंय, त्यावरही तुमच्या पेपरने अग्रलेख लिहून कंपन्यांना जाब विचारावा.

आपली,
एक नियमित वाचक